जकातीच्या हद्दीबाहेरचं गोदाम

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघालं की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे अशी गावं लागतात आणि त्यांत घरांपेक्षा गोदामंच जास्त दिसतात. औषधं, टीव्ही, पुस्तकं, चपला, रसायनांची पिंपं, सगळं इथे येऊन थांबतं. एकेकाळी ही भाताची खाचरं होती. बंदर इथे नाही. शेजारचं शहर यंत्रमागाचं आहे, पण या मालातल्या बहुतेकाचा मागाशी काही संबंध नाही. माल इथेच का थांबला, याचं कारण मुंबई महापालिकेच्या जकातीत सापडतं. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द इथल्या नाक्यांवर शहरात शिरणाऱ्या मालावर जकात भरावी लागे. सगळा साठा मुंबईत आणून ठेवला तर विकला जाण्याआधीच कराचे पैसे अडकत. त्यातला निम्मा माल नाशिकला किंवा सुरतेला जायचा असेल, तर भरलेली जकात परत मिळवायला कागदांची लांबण लागे. मग व्यापाऱ्यांनी साधा मार्ग काढला. माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि जेवढा विकला जाईल तेवढाच नाक्यातून आत न्यायचा. ग्रामपंचायतीची जमीन स्वस्त होती आणि बांधकामाच्या परवानगीकडे फारसं कोणी पाहत नव्हतं. देशातल्या सर्वांत मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक असा उभा राहिला.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मात्र बाहेरून घेतलेल्या मालवाहतूक सेवेची वाटचाल वेगळी सांगितलेली असते. आधी उत्पादक स्वतःच्या गाड्यांनी माल पोचवतो, मग गाड्या भाड्याने घेतो. पुढे वाहतूक, गोदाम, साठ्याचा हिशेब आणि वाटप हे सगळं तो एकाच बाहेरच्या कंपनीवर सोपवतो. तिला थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स किंवा थ्रीपीएल म्हणतात. शेवटी अशा अनेक कंपन्यांवर देखरेख करणारी आणखी एक कंपनी येते, जिच्याकडे स्वतःची गाडीही नसते आणि गोदामही नसतं. या शेवटच्या प्रकाराचं ‘फोर्थ पार्टी’ हे नाव अँडरसन कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीने १९९६ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं होतं. या मांडणीत प्रत्येक पायरी विचारपूर्वक चढलेली वाटते: कंपन्यांना आपलं मुख्य काम कोणतं ते उमगलं आणि बाकीचं त्यांनी तज्ज्ञांकडे दिलं. घडलेल्या गोष्टी या क्रमात बसत नाहीत, असं माझं म्हणणं आहे. काम बाहेर कधी गेलं, कोणाकडे गेलं आणि कोणत्या आकारात गेलं, हे मुख्यतः कर, परवाने आणि हद्दींनी ठरवलं. शास्त्र मागून आलं आणि त्याने झालेल्या बदलाला नाव दिलं.

काम बाहेर देण्याची कल्पना तर फारच जुनी आहे. दख्खनमध्ये शेकडो वर्षं सैन्यांना धान्य पुरवण्याचं काम बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होतं. मुघल फौजांनी ते त्यांच्याकडून घेतलं, मराठ्यांनी घेतलं आणि १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेनेही घेतलं. हजारो बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन चालत. बंजारे बहुधा स्वतःच्या भांडवलावर माल विकत घेत आणि छावणीत आणून विकत, म्हणजे वाहतूक, साठा आणि जोखीम तिन्ही त्यांच्याच अंगावर असत. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यांची गरज असल्यामुळे त्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. आजच्या कोणत्याही व्याख्येने ही पूर्ण बाहेर दिलेली पुरवठा व्यवस्था होती, आणि तिच्यामागे व्यवस्थापनाचा कोणताही सिद्धांत नव्हता. रेल्वेने हा धंदा मोडला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भागांतल्या बंजारा समूहांच्या हिंडण्यावरच शिक्का मारला. ज्यांचा व्यवसायच चालत राहण्याचा, त्यांचं चालणं कायद्याने संशयास्पद ठरवलं.

थ्रीपीएल ज्या देशात जन्मली असं मानतात, त्या अमेरिकेचं उदाहरण माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त बळ देतं. १९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने तिथली आंतरराज्य ट्रक वाहतूक सरकारी आयोगाच्या हाती गेली. कोणता माल कोणत्या मार्गाने न्यायचा, हे परवान्यातच लिहिलेलं असे. जाताना एक माल नेलेल्या गाडीला येताना दुसरा भरण्याची परवानगी नसली की ती शेकडो मैल रिकामी परते. स्वतःच्या गाड्या बाळगणाऱ्या कारखान्याला दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नसे. दर वाहतूकदारांच्या मंडळांत एकत्र बसून ठरत आणि १९४८ पासून त्याला कायद्याचंच संरक्षण होतं. अशा स्थितीत बाहेरची कंपनी ग्राहकाला वेगळं काय देणार? दर तोच, मार्ग तोच. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत ट्रक आणि रेल्वे या दोन्हींवरचे निर्बंध काही महिन्यांच्या अंतराने सैल झाले, आणि दर व सेवा यांचे स्वतंत्र करार करता येऊ लागले. १९०५ पासून फळं-भाजीपाल्याची दलाली करणारी सी. एच. रॉबिन्सन कंपनी त्यानंतर स्वतःच्या ताफ्याशिवाय देशातली मोठी मालवाहतूक मध्यस्थ झाली. थ्रीपीएल हा शब्दही त्याच दशकात रुळला. युरोपात हाच बदल १९९३ मध्ये दिसला. अंतर्गत सीमांवरची जकात तपासणी संपल्यावर देशोदेशी वेगळी गोदामं ठेवायचं कारण उरलं नाही, आणि नेदरलँड्समधल्या व्हेन्लोसारख्या सीमेलगतच्या शहरांत अख्ख्या खंडाचा साठा जमू लागला.

भारतात कायद्याने काम बाहेर ढकललं, पण उलट्या दिशेने. समजा, कारखाना पुण्यात आहे आणि घाऊक व्यापारी इंदूरला. पुण्याहून थेट बिल फाडलं तर १९५६ च्या कायद्यानुसार केंद्रीय विक्रीकर लागे. तो २००७ पर्यंत ४ टक्के होता आणि २००८ पासून २ टक्के. इंदूरच्या व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळत नसे. पण कंपनीने तोच माल इंदूरमधल्या आपल्याच डेपोत पाठवला तर ती विक्री ठरत नसे. ‘एफ’ फॉर्म जोडला की कर नाही. पुढे डेपोतून स्थानिक विक्री होई आणि तिच्यावरच्या राज्याच्या कराची वजावटही मिळे. या वाटेने कारखान्याला खरेदीवरच्या कराची थोडी वजावट गमवावी लागे, तरी हिशेब बहुधा डेपोच्याच बाजूने बसे. मग साबण, औषधं, बिस्किटं, रंग विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला जवळपास प्रत्येक राज्यात डेपो लागला, आणि इतके डेपो स्वतः चालवणं कोणाला परवडणार? इथून सी अँड एफ (कॅरिंग अँड फॉरवर्डिंग) एजंटांचा व्यवसाय फोफावला.

सी अँड एफ ही व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे, कारण भारतातली बाहेर दिलेली मालसेवा कित्येक दशकं मुख्यतः याच रूपात होती. एजंट बहुधा त्याच शहरातला व्यापारी. गाळा त्याचा, माणसं त्याची, माल मात्र कंपनीचा. तो कंपनीच्या नावाने बिल करी, स्टॉकिस्टला माल पाठवी आणि पेटीमागे किंवा विक्रीच्या टक्क्यांनी कमिशन घेई. गाळा काही हजार चौरस फुटांचा, छत बुटकं, रॅक नाहीत; पेट्या भिंतीलगत माणसाच्या हाताला पोचतील तेवढ्याच उंच रचलेल्या. महिन्याचे पहिले दोन आठवडे शांत जात. शेवटच्या आठवड्यात विक्रीचं लक्ष्य गाठायला कंपनी धडाधड माल पाठवी आणि दारात ट्रकांची रांग लागे. प्रत्येक गाडीबरोबर बिल्टी असे. तिच्यावर नग किती, वजन किती, भाडं ‘पेड’ की ‘टू-पे’, आणि पुष्कळदा ‘मालकाच्या जोखमीवर’ अशा अर्थाचा ठसा. जागा, माणसं आणि मेहनत एजंटाची असली तरी साठा कुठे आणि किती ठेवायचा, हा निर्णय त्याच्या हातात कधीच नव्हता. तो विक्रीकराच्या रचनेने आधीच घेऊन टाकला होता. भारतातली ही सेवा मागासलेली होती असं सरसकट म्हटलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. कायद्याने जे काम सांगितलं होतं ते ती नेमकेपणाने करत होती. तिशीच्या घरात डेपो असावेत असं करच सांगत असताना, माल सहा ठिकाणी एकवटून तो झपाट्याने फिरवण्याची बुद्धी कोणाला सुचून उपयोग काय होता?

रेल्वेचीही तीच कथा. कंटेनर वाहतुकीसाठी १९८८ मध्ये सरकारने कॉन्कॉर ही कंपनी काढली आणि रेल्वेरुळांवरून कंटेनर नेण्याचा हक्क तिच्या एकटीकडे राहिला. २००६ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, तेव्हा कुठे या सेवेत दुसऱ्या कोणाला बोली लावता आली.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला. बहुतेक मालावरचा केंद्रीय विक्रीकर गेला, मुंबईची जकातही गेली. वर्षाला सुमारे ७ हजार कोटींच्या या उत्पन्नासाठी राज्य सरकारला महापालिकेला भरपाई द्यावी लागली. पहिल्या काही दिवसांतच २२ राज्यांनी आपल्या सीमांवरचे तपासणी नाके उठवले. एका बदलाची चर्चा मात्र कमी झाली. बाहेरच्या गोदाम कंपनीने पूर्वी बिलात सेवाकर लावला, तर निव्वळ व्यापार करणाऱ्या ग्राहकाला त्याची वजावट मिळत नसे. काम बाहेर दिलं की तेवढा कर अंगावर पडे, स्वतःच्या माणसांकडून केलं तर वाचे. आता तो कर विक्रीवरच्या करातून वळता होतो. काम बाहेर देण्यावरचा हा अदृश्य दंड गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने लॉजिस्टिक्सला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. किमान २५ कोटींची गुंतवणूक आणि किमान १ लाख चौरस फूट जागा असलेलं गोदाम या व्याख्येत बसतं आणि त्याला दीर्घ मुदतीचं कर्ज सोपं होतं. या आकड्याने गाळ्याचं युग मागे पडायला मोठी मदत केली. नव्या गोदामाचं छत तीन-चार मजली इमारतीएवढं उंच असतं, आत रॅकच्या रांगा असतात, आग विझवायला छतातून पाणी फवारणारे नळ असतात, आणि धक्का ट्रकच्या फळीशी समतल असल्यामुळे पेटी खाली उतरवून पुन्हा उचलावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञानाचा येईल. खरा बदल संगणक, बारकोड आणि जीपीएस यांनी घडवला. कायदे काय, त्यामागून फरफटत येतात, असं कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. दुसऱ्याच्या गोदामातला आपला साठा घरबसल्या दिसत नसता, तर कोणत्याही कंपनीने एवढा माल परक्याच्या हवाली केला नसता. पण कालक्रम पाहिला तर तंत्रज्ञान एकट्याने दार उघडू शकलं नाही, हे दिसतं. भारतात जीपीएस लावलेले ट्रक २०१७ च्या बरेच आधी धावत होते. ट्रक राज्याच्या सीमेवर कागदांसाठी तासन्‌तास उभा आहे, हे पडद्यावर दिसे, एवढाच त्याचा उपयोग होता. एप्रिल २०१८ मध्ये ५० हजार रुपयांवरच्या आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल, म्हणजे मालासोबत बाळगायचं ऑनलाइन पत्रक, आलं. सुरुवातीला त्याच्या मुदतीचं माप १०० किलोमीटरला एक दिवस असं होतं, जानेवारी २०२१ पासून ते २०० किलोमीटरला एक दिवस झालं. ट्रकने दिवसात किती चालावं, ही अपेक्षाच नियमाने दुप्पट केली.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. जकातीने भिवंडी घडवली असेल तर जकात गेल्यावर ती ओस पडायला हवी होती. झालं उलटं, २०१७ नंतर तिथे मोठी गोदामं आणखी उभी राहिली. मला वाटतं, इथे कायद्याच्या प्रभावाची मर्यादाही दिसते आणि त्याची पकडही. एकदा माल एका जागी जमला की त्याच्याभोवती ट्रक ब्रोकर, हमालांच्या टोळ्या, गॅरेज, पॅकिंगवाले, कस्टम्सचं काम करणारे एजंट हे सगळे जमतात. परतीचं भाडं तिथे लवकर मिळतं. ही गर्दीच पुढे त्या जागेचं भांडवल होते आणि मूळ कारण नाहीसं झालं तरी टिकते. जकातीने जागा ठरवली. ती गेल्यावर जागा तीच राहिली, पण गोदामाचा आकार आणि चालवणारा बदलला. गाळेवाल्याच्या जागी मोठ्या थ्रीपीएल कंपन्या आणि ऑनलाइन विक्रेत्यांची वितरण केंद्रं आली.

तिसरा मुद्दा मी मान्यच करतो. कर गेल्यावर तीस डेपो सरळ पाच-सहावर येतील, हा अंदाज पूर्ण खरा ठरला नाही. किराणा दुकानदाराला माल उद्या हवा असतो, आणि नागपूरहून रायपूरला जे जमतं ते गुवाहाटीला जमत नाही. शिवाय सगळं एका छताखाली आणण्याचा धोका ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. केएफसीने चिकन पुरवठ्याचं काम बिडवेस्टकडून काढून डीएचएलला दिलं. आधीच्या कंपनीची गोदामं सहा ठिकाणी होती, नव्या व्यवस्थेत रग्बी या गावातलं एकच. पहिल्याच आठवड्यात जवळपास नऊशे दुकानांपैकी निम्म्याहून अधिक बंद ठेवावी लागली, आणि काही आठवड्यांत त्यातल्या काहींचं काम जुन्याच कंपनीकडे परत गेलं. डेपो किती असावेत हे कर सांगत नसेल तर ते ग्राहकाची घाई, अंतर आणि धोका यांनी सांगायला हवं. ते मोजण्याचं कौशल्य भारतात आत्ता कुठे विकत घेतलं जाऊ लागलं आहे. थ्रीपीएलची खरी परीक्षा त्यात आहे.

अंदाजांवरून एक सांगायला हवं. भारताचा लॉजिस्टिक्सचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे, हे वाक्य वर्षानुवर्षं भाषणांतून फिरत राहिलं. एनसीएईआर या संस्थेने केंद्र सरकारसाठी पद्धतशीर मोजणी केली, तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. ज्या आकड्याच्या जोरावर इतकी धोरणं आखली गेली, तो एवढा ढिला असावा हे मला गंभीर वाटतं.

आणि मग प्रश्न उरतो तो साखळीच्या तळाचा. मोठी कंपनी थ्रीपीएलला काम देते, थ्रीपीएल ट्रान्सपोर्टरला, ट्रान्सपोर्टर ब्रोकरला, आणि ब्रोकर ज्याचा एक किंवा दोन ट्रक आहेत अशा मालकाला. भारतातल्या ट्रकांचा फार मोठा भाग अशा छोट्या मालकांकडे आहे. वर कितीही पायऱ्या वाढल्या तरी डिझेल, टायर, टोल आणि गोदामाबाहेर गाडी रिकामी होण्याची वाट पाहण्याचे दिवस हे सगळं याच्याच खिशातून जातं. माल उतरवायची हमाली कोणी द्यायची, यावरून महाराष्ट्रातल्या ट्रकमालकांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही घोषणा दिली. बाहेर दिलेल्या कामात कोणता खर्च कोणाचा, हा सगळा वाद त्या चार शब्दांत आहे. काही जण म्हणतील की हे बाजाराचं काम आहे, कायद्याने त्यात पडू नये. पण वरच्या पायऱ्या कायद्यानेच रचल्या असतील तर तळाची पायरी तेवढी बाजारावर सोडायची, हा युक्तिवाद मला पटत नाही. महाराष्ट्राने यात पूर्वी वाट दाखवलेली आहे. मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या हमालांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची; रोज मालक बदलत असला तरी भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार आणि दवाखाना कायम. कायमस्वरूपी नोकरी नसलेल्या माणसालाही सामाजिक सुरक्षा देता येते, हे या कायद्याने दाखवून दिलं, आणि तेही ‘गिग कामगार’ हा शब्द केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत येण्याच्या ५१ वर्षं आधी. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, ही उद्योगांची तक्रार खोटी नाही आणि तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण तेवढ्यासाठी मंडळाची कल्पना मोडीत काढणं चूक ठरेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केलं. नागपूर-वर्धा इथे राष्ट्रीय आणि पनवेलजवळ आंतरराष्ट्रीय दर्जाचं महाकेंद्र त्यात आहे, आणि ठाणे-भिवंडी राज्यस्तरीय केंद्रांच्या यादीत आहे. या केंद्रांना जमीन आणि सवलती मिळतीलच. त्यांच्या बदल्यात सरकारला काही अटी घालता येतील: गाडी धक्क्याला लागल्यापासून ठरावीक तासांत रिकामी झाली नाही तर ताटकळण्याचं भाडं ट्रकमालकाला मिळावं, ड्रायव्हरला झोपायला, आंघोळीला जागा असावी, आणि लघुउद्योग कायद्यातली ४५ दिवसांत पैसे देण्याची तरतूद शेवटच्या ट्रकमालकापर्यंत पोचते की नाही, हे केंद्र चालवणाऱ्या कंपनीने दाखवावं. सवलतीचे नियम लिहिले जात असतानाच हे त्यांत घालता येतं. गोदामं उभी राहिल्यावर ते किती अवघड होतं, हे भिवंडीच्या विनापरवाना गाळ्यांनी दाखवलेलं आहे.